ग्राइंडर लावण्याआधी

प्रस्तावना

गळीत हंगाम संपला की साखर कारखान्यात खोलाखोलीचा हंगाम सुरू होतो. मिलचे रोलर बाहेर निघतात, त्यांच्या झिजलेल्या दात्यांवर वेल्डिंगने भर घातली जाते. बॉयलरच्या नळ्या तपासल्या जातात, पंपांची बेअरिंगं बदलतात, कॅरियरच्या साखळ्या जमिनीवर पसरून त्यांच्या पिना मोजल्या जातात. पुढच्या हंगामात बॉयलर पेटवून गव्हाणीत मोळी टाकायच्या आत हे सगळं पुन्हा जागेवर बसलेलं असावं लागतं. अंबड तालुक्यातल्या अंकुशनगरला, कर्मयोगी अंकुशराव टोपे समर्थ सहकारी साखर कारखान्याभोवतीच्या वस्तीत, वर्षाचं हे चक्र लहान पोरांनाही ठाऊक असतं. दर उन्हाळ्यात एवढं अवाढव्य यंत्र सुटं करून परत जोडणाऱ्या फिटर-वेल्डरला जुनी गाडी कशी खोलायची हे मी शिकवावं, अशी परिस्थिती नाही. या पुस्तकाचा पहिला वाचक मी त्यालाच धरला आहे.

त्याच्यासाठीही एक गोष्ट मात्र नवी आहे. कारखान्यात त्याच्या मागे ड्रॉइंग असतं. रोलर किती मिलिमीटर झिजला तर बदलायचा, बोल्ट किती आवळायचा, हे कुठल्यातरी कागदावर लिहिलेलं असतं. कंपनीच्या गाडीलाही मॅन्युअल असतं, पार्ट नंबर असतो, जालन्याच्या दुकानदाराला नंबर सांगितला की पुडकं समोर येतं. घरी बनवलेल्या बग्गीला यांतलं काहीच नसतं. तिचं ड्रॉइंग म्हणजे ती गाडीच. पाइप का वाकवला, इंजिन चार बोटं डावीकडे का घेतलं, मागच्या आडव्या पाइपला नंतर एक तुकडा का जोडला, या सगळ्याची उत्तरं फक्त त्या लोखंडात आहेत. ज्या दिवशी आपण ग्राइंडर लावतो त्या दिवशी ती पुसली जातात. जुन्या बग्गीची दुरुस्ती करणाऱ्याचं पहिलं काम वाचण्याचं आहे, कापण्याचं नंतर. मला जे सांगायचं आहे त्याचा गाभा हाच.

बग्गी म्हणजे इथे काय, ते एकदा सांगून टाकतो. पाइपची उघडी चौकट, तिच्यात दोन खुर्च्या, पाठीमागे इंजिन, मोठी खडबडीत चाकं, दारं-काचा नाहीत. शेतवाट, नदीचा वाळवंटी पट्टा, माळ, डोंगरउतार अशा ठिकाणी चालावी म्हणून एखाद्या हौशी माणसाने स्वतःच्या गॅरेजात बनवलेली गाडी. कोणी मारुती 800चं इंजिन वापरतो, कोणी ॲपे किंवा बजाज रिक्षाचं, कोणी बुलेटचं. दहा-पंधरा वर्षं ती चालते, मग बनवणारा थकतो किंवा पोटामागे लागतो, आणि गाडी गोठ्यामागे उभी राहते.

अशी गाडी एका माणसाच्या हातून कशी घडते हे महाराष्ट्राने 2021च्या डिसेंबरात पाहिलं. सांगली जिल्ह्यातल्या देवराष्ट्रे गावचे, पिढीजात लोहारकाम करणारे दत्तात्रय लोहार यांनी भंगारातल्या सुट्या भागांतून सुमारे साठ हजार रुपयांत छोटी चारचाकी बनवली. दुचाकीसारखी किक मारून ती सुरू व्हायची. तिचा व्हिडिओ देशभर फिरला, आनंद महिंद्रांनी तो पाहिला आणि गाडीच्या बदल्यात नवी बोलेरो देऊ केली. 2022च्या जानेवारीत लोहार कुटुंबाला बोलेरो मिळाली. त्यांची गाडी महिंद्राच्या संशोधन केंद्रात ठेवायचं ठरलं, कारण कमीत कमी साधनांत काम कसं भागवावं याचा तो नमुना होता. महिंद्रांनी तेव्हाच एक अडचणही स्पष्ट सांगितली होती : गाडी नियमांत बसत नाही, त्यामुळे आज ना उद्या अधिकारी ती रस्त्यावर चालू देणार नाहीत. मला या घटनेत बोलेरोपेक्षा दुसरी बाब मोठी वाटते. गावातल्या कारागिराने बनवलेल्या गाडीला जपून ठेवण्यासारखी वस्तू मानलं गेलं. बाकीच्यांच्या नशिबी ते नसतं. आपल्या भागात तर मुळीच नसतं, कारण इथून जालना जवळ आहे.

जालन्याचं नाव बियाण्यांबरोबर लोखंडाशी जोडलेलं आहे. तिथल्या भट्ट्यांमध्ये देशभरातलं भंगार वितळतं, रोलिंग मिलमधून सळई होऊन बाहेर पडतं आणि मराठवाड्याच्या स्लॅबांत जातं. हा धंदा चांगला आहे, त्याने हजारो घरं चालवली आहेत. पण त्यामुळेच इथल्या जुन्या गाडीला कायम वजनाचा भाव लागलेला असतो. भंगारवाला दारात येतो, काट्यावर घालतो आणि नगद मोजतो. एखाद्याने दोन वर्षं रात्री जागून जुळवलेलं स्टिअरिंग किलोच्या हिशेबात जातं. त्या भावाशी झगडायचं तर गाडी पुन्हा चालती करणं हा एकच मार्ग आहे.

घरी बनवलेल्या बग्गीची गोष्ट अमेरिकेत फार आधी सुरू झाली. कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्यावर नावा बांधणाऱ्या ब्रूस मायर्स यांनी 1964 साली फायबरग्लासची एक हलकी बग्गी बनवली आणि तिच्यात फोक्सवॅगन बीटलचं इंजिन-गिअरबॉक्स बसवलं. पुढे त्यांनी बीटलची चासी छोटी करून त्यावर बसणारी बॉडी विकायला काढली. तिचं नाव मायर्स मँक्स. 1967 साली मायर्स आणि टेड मँगल्स यांनी मेक्सिकोच्या बाहा द्वीपकल्पातून ला पाझ ते तिहुआना हे अंतर पस्तीस तासांच्या आत कापलं आणि वाळवंटी शर्यतींचं युग सुरू झालं. मँक्सचं पेटंट कोर्टात टिकलं नाही, जगभर नकला झाल्या. मायर्स यांची पहिली, लाल रंगाची गाडी मात्र 2014 साली अमेरिकेच्या ऐतिहासिक वाहनांच्या नोंदवहीत गेली. तिची मोजमापं, छायाचित्रं, इतिहास तिथल्या राष्ट्रीय ग्रंथसंग्रहाकडे सोपवला गेला. हाताने बनवलेल्या गाडीचं ड्रॉइंग तिच्या जन्मानंतर पन्नास वर्षांनी तयार झालं. आपल्याला एवढी मोठी यंत्रणा लागत नाही. दोनशे पानी वही आणि मोबाइलचा कॅमेरा पुरतो.

आता चौकटीकडे येतो, कारण माणूस वाचतो किंवा मरतो तो चौकटीमुळे. जुन्या घरगुती बग्ग्यांच्या चौकटी बहुतेक वेळा पाण्याच्या जीआय पाइपच्या असतात. पाइप गावात मिळतो, वाकतो, स्वस्त असतो. त्याचे दोष तीन. तो पाणी वाहून नेण्यासाठी बनवलेला असतो, उलटलेल्या गाडीचं वजन पेलण्यासाठी नाही. त्यावरचा जस्ताचा थर वेल्डिंगच्या जागी राहिला तर जोड सच्छिद्र होतो, शिवाय जस्ताच्या धुरात काम करणाऱ्याला रात्री थंडी-ताप भरतो. ज्यांनी बंद शेडमध्ये जीआय जोडलं आहे त्यांना तो ताप माहीत आहे. तिसरा दोष डोळ्यांना दिसत नाही : उघड्या टोकातून पावसाचं पाणी आत शिरतं आणि पाइप आतून गंजत राहतो. बाहेरून रंग चकचकीत, आत जाडी निम्मी. म्हणून प्रत्येक पाइपच्या सगळ्यांत खालच्या जागी बारीक भोक पाडून बघायचं. भोकातून तांबडं पाणी किंवा भुगा आला तर तो पाइप काढायचा, त्यात दयामाया नाही.

मग पाइप कोणता घ्यावा? इंदूरजवळ पीथमपूरला 2007 पासून अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांची बाहा ही बग्ग्यांची स्पर्धा भरते. मूळ स्पर्धा अमेरिकेत 1976 साली साउथ कॅरोलायना विद्यापीठात सुरू झाली. महाराष्ट्रातल्या कॉलेजांचे संघ पीथमपूरला दरवर्षी स्वतः बनवलेल्या बग्ग्या घेऊन जातात. या स्पर्धेच्या नियमांतली एक ओळ प्रत्येक फॅब्रिकेशनच्या दुकानात भिंतीवर लिहावी असं मला वाटतं : डोक्याभोवतीच्या मुख्य सांगाड्याचा पाइप सुमारे 25 मिलिमीटर व्यासाचा, 3 मिलिमीटर जाडीचा, आणि त्या पोलादात कार्बन किमान 0.18 टक्के. दुसरा पाइप वापरायचा असेल तर तो वाकण्याला तेवढाच टिकतो हे गणिताने दाखवावं लागतं. अनेक वर्षं सगळ्या संघांना ब्रिग्स अँड स्ट्रॅटनचं एकसारखं 10 हॉर्सपॉवरचं इंजिन वापरावं लागे. ताकद सगळ्यांची सारखी, त्यामुळे कस लागायचा तो चौकटीचा, सस्पेन्शनचा आणि डोक्याचा. आमच्याकडे जुनी बग्गी हातात आली की पहिला प्रश्न येतो, ‘इंजिन कोणतं टाकायचं?’ तो प्रश्न शेवटचा आहे, आणि या पुस्तकातही तो शेवटीच येतो.

मारुती 800चं इंजिन असलेल्या बग्गीबद्दल जरा सविस्तर लिहिलं पाहिजे. ती गाडी 1983च्या डिसेंबरात आली, 2014 पर्यंत बनत राहिली, आणि तिचं 796 सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन अजूनही सहज मिळतं. मूळ गाडीत इंजिन, गिअरबॉक्स, एक्सल हे सगळं पुढे असतं आणि पुढचीच चाकं ओढतात. बग्गी बनवणारा हा अख्खा संच उचलून पाठीमागे ठेवतो. कल्पना उत्तम आहे, पण तिच्यातले सापळे जुन्या गाड्यांत वारंवार दिसतात. जागा जुळावी म्हणून कोणी संच उलटा फिरवून बसवला, तर गाडीला एक गिअर पुढे जाण्याचा आणि चार मागे जाण्याचे मिळतात. हे लगेच लक्षात तरी येतं. दुसरी चूक वर्षानुवर्षं लपून राहते. पुढे असताना ही चाकं वळत होती. मागे आल्यावर ती वळू नयेत म्हणून टायरॉडच्या जागी पक्का दांडा जोडतात. तो दांडा खालच्या आर्मला समांतर आणि साधारण तेवढ्याच लांबीचा नसेल, तर खड्ड्यात चाक वर-खाली होताना आपोआप थोडं वळतं. चालकाला वाटतं टायर खराब आहेत किंवा रस्ता खराब आहे. खरं तर मागची चाकं स्वतःच्या मनाने स्टिअरिंग करत असतात. गाडी ठोकळ्यांवर घेऊन, स्प्रिंग काढून, जॅकने चाक हळूहळू वर नेऊन जमिनीवर खडूने खुणा केल्या की पाच मिनिटांत हे उघडं पडतं.

तिसरा सापळा ब्रेकचा. पुढे डिस्क आणि मागे ड्रम असलेल्या गाडीचा पुढचा संच मागे नेला की चांगले ब्रेकही त्याच्याबरोबर मागे जातात. पुढे कुठल्यातरी दुसऱ्या गाडीचे ड्रम येतात, कधी काहीच येत नाही. बनवणाऱ्याचं म्हणणं असतं की वजन मागे आहे, मग ब्रेकही मागेच हवेत. उभ्या गाडीला हे खरं आहे. ब्रेक दाबल्यावर मात्र वजन पुढे सरकतं, मागची चाकं हलकी होतात, आणि ती आधी जाम झाली की गाडीचा मागचा भाग पुढे यायला बघतो. उतारावर असं झालं तर गाडी आडवी होते आणि मग उलटते. पुढच्या चाकांना डिस्क बसवणं, दोन्हीकडचा दाब वेगळा करता येईल असा व्हॉल्व्ह घेणं, आणि मोकळ्या सपाट रानात हळूहळू वेग वाढवत पुढची चाकं आधी थांबतात की नाही हे बाहेर उभ्या राहिलेल्या दुसऱ्या माणसाने बघणं, हे सगळं झाल्याशिवाय त्या गाडीत पोरांना बसवू नये. या बाबतीत मी हट्टी आहे आणि या पुस्तकात तो हट्ट ठिकठिकाणी दिसेल.

आपली जमीनही या कामात बोलते. पैठणच्या जायकवाडी धरणाची पायाभरणी 1965 साली लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते झाली, 1976 साली इंदिरा गांधींनी त्याचं उद्घाटन केलं. त्याच्या दोनशेहून अधिक किलोमीटर लांबीच्या डाव्या कालव्याने अंबड-घनसावंगीच्या शिवारात पाणी आणलं, पाण्यामागून ऊस आला आणि उसामागून कारखाना. कालव्याकाठच्या वाटा, उसाच्या फडातून जाणारे चाकोऱ्यांचे रस्ते, शहागडकडे गोदावरीची वाळू, आणि सगळीकडे काळी माती. वाळवंटासाठी आखलेली बग्गी या मातीत फसते. वाळूत रुंद टायर वर तरंगतं, ओल्या काळ्या मातीत तेच टायर चिखलाने भरून गुळगुळीत होतं. मडगार्ड आणि टायर यांच्यात हाताची मूठ जाईल एवढीच जागा असेल, तर पन्नास पावलांत चाक जाम होतं. इथे अरुंद, खोल खाचांचं टायर आणि वर ऐसपैस जागा बरी. उन्हाळ्यात हीच माती पिठासारखी उडते. एअर फिल्टर मागच्या चाकांच्या रांगेत बसवला असेल तर ती धूळ सरळ सिलिंडरमध्ये जाते आणि दोन हंगामांत पिस्टन रिंगा खाऊन टाकते. फिल्टर डोक्यामागे, सगळ्यांत उंच जागी घ्यावा. रेडिएटर मागे असलेल्या गाडीत दोन्ही बाजूंनी हवा पकडून आणणारे पत्र्याचे कान लावावेत आणि पंख्याला थर्मोस्टॅट स्विचबरोबर हाताने चालू करायचं बटणही द्यावं.

उसाचा संबंध आता टाकीपर्यंत आला आहे. महाराष्ट्रातले साखर कारखाने तेल कंपन्यांना इथेनॉल देतात आणि 2025 पासून देशभरच्या पंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळू लागलं. शेतकऱ्याच्या दृष्टीने हे मोलाचं आहे. पंधरा-वीस वर्षं जुन्या कार्ब्युरेटरला मात्र ते मानवत नाही. जुने रबरी पाइप फुगतात, मऊ पडतात, पंपाचा डायफ्राम ताठर होतो. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, त्यामुळे महिनोन् महिने उभ्या असलेल्या गाडीच्या टाकीत तळाला पाणी जमतं आणि लोखंडी टाकी आतून गंजते. म्हणून इंधनाची सगळी नळी, ओरिंग आणि डायफ्राम पहिल्याच फेरीत बदलायचे, इथेनॉलला टिकणारे घ्यायचे. टाकी चालकाच्या मागे पण इंजिनपासून पत्र्याच्या पडद्याने वेगळी ठेवायची. जुन्या बग्ग्यांत प्लॅस्टिकचा कॅन खुर्चीखाली बांधलेला असतो. तो आधी काढा, बाकी सगळं सावकाश.

कायद्याचा विषय थोडक्यात पण ठामपणे सांगतो. सर्वोच्च न्यायालयाने 2013 साली सांगितलं की जुगाड म्हणून ओळखली जाणारी गाडी हे मोटार वाहनच आहे, आणि नोंदणी, विमा, परवाना हे सगळं तिलाही लागू आहे. 2019च्या जानेवारीत त्याच न्यायालयाने स्पष्ट केलं की नोंदणी झालेल्या वाहनात कंपनीच्या मूळ रचनेहून वेगळा बदल करता येत नाही. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने अशा प्रत्येक बदलासाठी मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा ठेवली. घरगुती बग्गी सार्वजनिक रस्त्यावर आणायची नाही, गावातल्या गल्लीतही नाही. धुळे-सोलापूर महामार्ग इथून लांब नाही. त्यावर रात्री उसाचे ट्रॅक्टर-ट्रॉली कसे चालतात हे आपण रोज बघतो. तिथे दिवे-रिफ्लेक्टर नसलेली बुटकी गाडी ट्रकच्या चालकाला दिसतच नाही. दुसऱ्या शिवारात न्यायची तर टेम्पोत चढवून न्या.

जपायचं काय आणि बदलायचं काय, या प्रश्नाला सगळ्या गाड्यांसाठी एकच उत्तर नाही. माझा कल सांगतो. जे बनवणाऱ्याच्या हाताची खूण आहे आणि ज्यावर जीव अवलंबून नाही ते ठेवावं : हाताने ठोकलेलं नाक, ट्रॅक्टरच्या सीटवरून बेतलेली खुर्ची, गिअरच्या दांड्यावरची लेथवर घडवलेली मूठ, एखाद्या टर्नरने फुरसतीत केलेला पेडलचा सांधा. चौकट, स्टिअरिंग, ब्रेक, पट्टे, इंधन यांत भावनेला जागा नाही. तिथे नवं लोखंड, नवे बॉलजॉइंट, चार ठिकाणी बांधलेला पट्टा. मूळ माणूस हयात असेल तर त्याला गाडीजवळ बसवून बोलतं करावं. तो अर्ध्या गोष्टी विसरलेला असतो, पण विशिष्ट जोडावर हात ठेवला की त्याला ते दिवस आठवतात, पाइप कुठल्या पंपसेटच्या जोडणीतून उरला होता हेही आठवतं. ती माहिती वहीत लिहून घ्या, तारीख टाका. आपण जोडलेल्या प्रत्येक नव्या पाइपचा व्यास, जाडी, वापरलेली वेल्डिंग रॉड हेही त्याच वहीत. आपल्या पश्चात गाडी खोलणाऱ्याला मग अंदाज बांधत बसावं लागणार नाही.

वाळूजला 1985 साली बजाजचा कारखाना आला तेव्हापासून मराठवाड्यात सुटे भाग बनवणारी छोटी युनिटं वाढली, आयटीआयची पोरं सीएनसीवर बसायला लागली. कारखान्याच्या वर्कशॉपमध्ये हाताने काम करत वाढलेली पिढी आणि ही नवी पोरं यांच्यात बोलणं कमी झालं आहे, असं मला दिसतं. जुन्या माणसाला लोखंडाचा आवाज कळतो, नव्या पोराला मायक्रॉन कळतो. जुनी बग्गी हे त्या दोघांना एकाच ठोकळ्यापाशी बसवण्याचं चांगलं निमित्त आहे, आणि पुस्तकातली प्रकरणं अशा जोडीने काम करावं हे धरूनच लिहिली आहेत. प्रत्येक प्रकरणात आधी डोळे, कान आणि हाताने करायची तपासणी येते, मग मोजमापाची.

पहिलं प्रकरण चौकट सरळ आहे की नाही ते पाहण्याचं आहे. त्याला लागणारं सामान घरातच असतं : ओळंबा, गुण्या, सुतळी, खडू, पाण्याची लेव्हल-नळी आणि लांब टेप. जोडांतले बारीक तडे शोधायला मात्र डाय-पेनिट्रंट तपासणीचे तीन डबे लागतात : क्लीनर, लाल डाय आणि डेव्हलपर. ते वेल्डिंगच्या सामानाच्या दुकानात मागवता येतात. गाडी सावलीत, सिमेंटच्या जमिनीवर घ्या. बॅटरीची काळी वायर आधी सोडवा, टाकीतलं पेट्रोल उतरवून लांब ठेवा, चारही बाजूंनी फोटो काढा, मग चाकं काढून गाडी ठोकळ्यांवर बसवा. ओळंबा प्रत्येक मुख्य जोडाखाली धरून जमिनीवर खूण करा आणि समोरासमोरच्या खुणांचे कर्ण मोजा. दोन कर्णांत पाच मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर दुसरं प्रकरण सोडून आधी चौथं उघडा.